उशाशी गाठोडं

मागे ऑफिसातल्या एका मित्राकडे चहाला गेलो होतो. नवीन फ्लॅट घेतलाय त्यानं, तो दाखवायला बोलावलं होतं, बायको आणि लेक पण सोबत होत्या. गप्पा मस्त रंगल्या होत्या, घर छान होतं, बाल्कनीतून टेकडी दिसत होती. चहा झाला आणि मी बोलता बोलता उठलो, सरळ त्यांच्या किचनमध्ये गेलो, माझा कप आणि बशी धुतली आणि ओट्यावर पालथी घालून परत येऊन बसलो. मित्राची बायको म्हणाली, अहो भाऊजी राहू द्यायचं ना. मी म्हटलं त्यात काय, आणि विषय तिथंच संपला. पण घरी येताना लेकीनं विचारलं, पप्पा, घरी तू सगळ्यांची भांडी घासतोस, तिथं फक्त तुझाच कप का धुतलास? माझा नाही, मम्मीचा नाही, त्या काकांचा पण नाही. फक्त तुझाच.

मी काहीतरी उत्तर दिलं, सवय आहे वगैरे. ती गप्प बसली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि नंतरही कितीतरी दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. फक्त तुझाच.

आमच्या गावच्या फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं, म्हणजे चार बल्ल्या आणि वर पत्रा. आजोबांची कपबशी त्या पत्र्याच्या वळचणीला खोचलेली असायची. कान तुटलेला कप. आजोबांनी तो काढायचा, स्वतः धुवायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा, मग बाजूला उकिडवं बसून प्यायचा, परत धुवून परत तिथंच खोचायचा. बाकावर बसायचं नाही. पैसे हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. हे सगळं अण्णांनी लहानपणी आजोबांचं बोट धरून बघितलेलं. मी नाही बघितलं. मला समजायला लागलं तोवर त्या हॉटेलात काचेचे ग्लास आले होते आणि ते सगळ्यांना एकच होते. माझ्या आयुष्यात मला कुणीही, कधीही, कुठंही 'तुझा कप तू धू' असं म्हणालेलं नाही. अण्णा मात्र कुणाकडेही गेले की चहा संपल्या संपल्या कप घेऊन उठायचे. शेजारी असो, साहेब असो, मुलीकडचे पाहुणे असोत. मी ते बघत मोठा झालो. त्यांनी कधी सांगितलं नाही की तू पण असं कर, आणि मी कधी विचारलं नाही की तुम्ही असं का करता.

न शिकवता शिकलेल्या गोष्टींची यादी मग मनातल्या मनात सुरू झाली आणि थांबेचना. कडक इस्त्रीचा शर्ट, रविवारी भाजी आणायला जाताना पण. कुठंही वेळेच्या आधी पोचणं. दुकानात वस्तू हातात घ्यायच्या आधी विचारणं, घेऊ का. मोठ्यानं हसलो की आईचा हात दंडावर यायचा, हळू. आमचं घर म्हणजे दोन खोल्या पण फरशीवर सांडलेलं खाऊ शकाल इतकं स्वच्छ, कारण आईचं एकच म्हणणं असायचं, लोकांना बोलायला जागा ठेवायची नाही. कोणते लोक, हे तिनं कधी सांगितलं नाही. आमच्या गल्लीत तर सगळे आमचेच होते! आणि अण्णांची ती रेक्झिनची बॅग. त्यात जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, टीसी, मार्कशीटा, रेशनकार्ड, सगळं लॅमिनेट केलेलं, प्रत्येकाच्या झेरॉक्सचे गठ्ठे रबरबँड लावून, त्यावर साहेबांच्या सह्या आणि गोल शिक्के मारलेले. रिटायर होऊन वर्षं झाली तरी बॅग कपाटात हाताला लागेल अशीच असते. आम्ही पिक्चरला गेलो होतो एकदा सगळे, तर अण्णा ती बॅग घेऊन आले होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, बॅग आणि अण्णा हे एकत्रच असायचे.

आता वाटतं. सिनेमाच्या अंधारात मांडीवर दाखल्यांची बॅग धरून बसलेला माणूस कशाची वाट बघत असेल?

याचं उत्तर मला वाटतं आजीकडे होतं. आजी झोपताना उशाशी एक गाठोडं ठेवायची. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. त्यात एक पितळी तांब्या, थोडं ज्वारीचं पीठ, मीठ, एक धडकं लुगडं, काड्यापेटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि आजोबांचा फोटो. रोज रात्री ती गाठ सोडून बघायची, पिठाला जाळी धरली असेल तर बदलायची आणि परत बांधायची. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो तरी हे चालूच. मी एकदा विचारलं होतं, आजी हे कशाला गं. ती म्हणाली, "कव्हा काय व्हईल सांगता येतंय व्हय लेकरा." आणि कूस बदलून झोपली. ती गेली तेव्हाही गाठोडं उशाशीच होतं, आईनं ते तसंच ठेवलंय, सोडलेलं नाही.

१९७८ चं मला खूप उशिरा कळलं. म्हणजे नामांतर माहीत होतं, मराठवाड्यात वाढलेल्या पोराला ते माहीत नसेल कसं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, आणि त्यानंतर गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं, ते नाव घोषणांमधून लहानपणापासून कानावर होतं. पुढं सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटलेले मला स्वतःला आठवतात, बायका रस्त्यावर फुगड्या घालत होत्या. पण आमच्या स्वतःच्या घराचं काय झालं होतं हे घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. आजी गेल्यानंतर तिच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या मावशी आजीनं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर सहज सांगितलं. भर पावसात आजी चार लेकरं घेऊन ओढ्याच्या काठच्या बाभळीत बसून राहिली होती रात्रभर. धाकट्याच्या तोंडात पदराचा बोळा घातला होता, रडू नये म्हणून. वस्तीकडं उजेड दिसत होता, आणि पाऊस असूनही तो उजेड कमी होत नव्हता. सकाळी घर नव्हतं. कागदपत्रं नव्हती, पीठ नव्हतं, कोरडी काडी नव्हती.

अण्णा तेव्हा शाळकरी पोरगं. त्यांच्या दाखल्यांची पण राख झाली होती. मग बॅग कळली मला, लॅमिनेशन कळलं.

अण्णा लाँग मार्चबद्दल मात्र तासन्‌तास बोलतात. १९७९ ला नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं माणसं चालत निघाली, त्यात आमच्या भागातले कोण कोण गेले, कुणाला पोलिसांनी धरलं, कुणी पायात काय घातलं होतं, भाकरी कुणी बांधून दिल्या, सगळं तोंडपाठ. डोळे चमकतात सांगताना. पण आदल्या वर्षीची ती रात्र? त्यावर एक शब्द नाही. मी विचारलं एकदा थेट. म्हणाले, "झालं ते झालं," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मला वाटतं माझं सगळं म्हणणं या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे. आमच्याकडं लढ्याची भाषा आहे, आणि काय भाषा आहे! गाणी आहेत, घोषणा आहेत, तारखा आहेत. जखमेला मात्र आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.

हे शरीरात कसं जाऊन बसतं हे मला एका अभ्यासामुळं नीट कळलं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधल्या सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते, रस्ता शोधायचा तसले, आणि जेवढे सुटतील तेवढे पैसे मिळणार. २००६ मध्ये ते छापून आलं. कुणाची जात काय हे उघड केलं नव्हतं तोवर दलित पोरं आणि सवर्ण पोरं साधारण सारखीच चालत होती. मग दुसऱ्या गटांमध्ये काय केलं, तर सुरुवातीला प्रत्येक पोराचं नाव, बापाचं, आज्याचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, बरोबर आहे ना? पोरानं मान हलवायची. बस एवढंच. त्यानंतर तेच कागद, तसलीच पोरं, पण दलित पोरांचे चक्रव्यूह सुटेनात. बरेच कमी सुटले. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी मारलं नव्हतं, कुणी म्हटलं नव्हतं की तुला जमणार नाही. नुसती हजेरी घेतली होती. मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण ती हजेरी मला पाठ आहे. नवीन टीममध्ये गेलो की कुणीतरी हसत हसत विचारतंच, पूर्ण नाव काय तुमचं? आडनाव सांगितल्यावर एक अर्धा क्षण थांबतात, मग म्हणतात, हां हां, अच्छा. त्या अर्ध्या क्षणात समोरच्याच्या मनात कदाचित काहीही नसेल. खरंच नसेल. पण माझी मान आखडते, तळहाताला घाम येतो आणि मीटिंगमध्ये जे बोलायचं ठरवून गेलेलो असतो त्यातलं निम्मं मी बोलत नाही. सरकारनं २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला, आमच्या गावच्या वस्तीवर पण नवीन पाटी लागली, चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पाटी एका दिवसात बदलता येते. मान आखडणं कसं बदलायचं?

पण हे सगळं लिहिताना मला एक भीती पण वाटते, की कुणाला वाटेल आम्ही नुसतेच दुखणाईत लोक आहोत. ते तर साफ खोटं आहे. या महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची जी दीक्षा झाली ती मी जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या उपचारांमध्ये धरतो. लाखो माणसं पांढरे कपडे घालून एका मैदानावर आली आणि शतकानुशतकं जे सांगितलं गेलं होतं ते आम्ही नाहीच, असं एका आवाजात बोलून घरी गेली. बावीस प्रतिज्ञा. आमच्या आजोबांनी त्या वर्षी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. आजी सांगायची, परत येताना आजोबा ताठ चालत होते, गावातल्या रस्त्यानं, मधोमध. तोवर कडेनं चालायचे. कुणाही डॉक्टरला, कुठल्याही गोळीला एका दुपारी माणसाचं चालणं बदलता येईल का? आणि सहा डिसेंबरला दादरला या कधी. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलवर अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या बाया उभ्या असतात, स्वतःला वाचता येत नाही, तरी पुस्तक हातात घेऊन, कव्हरवरून हात फिरवून, चोळीतल्या बटव्यातून पैसे काढून विकत घेतात, नातवाला म्हणून. मी दरवर्षी जातो. त्या गर्दीत धक्के खाताना, पाय दुखत असताना, रांगेत तासन्‌तास उभं असताना माझी मान आखडलेली नसते. तिथं कुणी पूर्ण नाव विचारत नाही. समोरून जयभीम येतं, आपण जयभीम म्हणतो, संपलं.

म्हणजे ताठ चालायला आजोबा शिकले, आणि त्यांच्याच घरात आजी गाठोडं बांधत राहिली. दोन्ही खरं. बराच काळ मला यातलं एकच खरं असावं असं वाटायचं, म्हणजे एवढी क्रांती होऊनही माणूस घाबरत असेल तर क्रांतीतच काहीतरी कमी होतं की काय. आता तसं नाही वाटत. ५६ साल खरं होतं म्हणून ७८ चा ओढा खोटा होत नाही, आणि ओढ्यामुळं नागपूरची ती दुपार पुसली जात नाही.

भाच्याचं सांगतो. बहिणीचा मुलगा, हुशार, इंजिनिअरिंगला चांगल्या कॉलेजात नंबर लागला, आख्ख्या गल्लीनं सत्कार केला. पहिल्याच वर्षी हॉस्टेलवर त्याच्या रँकवरून सुरू झालं, किती मार्काला आलास रे, तुला काय बाबा, असलं. फार काही नाही म्हणतील लोक. पोरगं मेसमध्ये जायचं बंद झालं, रूमवर बिस्किटं खाऊन राहायचं, सेमिस्टरला दोन विषय राहिले. सुट्टीत घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. बहीण घाबरली, तिनं घरातल्या मोठ्यांना बोलावलं. आणि मोठ्यांनी काय केलं, तर भाषण. एक काका म्हणाले, अरे वाघाची अवलाद आपण, बाबासाहेब दिव्याखाली बसून शिकले, असं रडत बसलास तर कसं चालेल. पोरानं मान खाली घातली. मी त्याच्याकडं बघत होतो. बोलणारे काका प्रेमानंच बोलत होते, त्यांनी स्वतः आयुष्यात फार सोसलंय, त्यांच्याकडं द्यायला तेच होतं. पण त्या पोराला आता दोन लाजा झाल्या होत्या. एक हॉस्टेलवाल्यांनी दिलेली, आणि एक वाघ नसल्याची. कॉलेजच्या काउन्सेलरकडं पण जाऊन आला होता तो, तिथं त्याला विचारलं, घरी काही टेन्शन आहे का, मोबाईल किती वापरतोस. जातीचा विषय यानं काढला तर म्हणे आपण त्याकडं नको जायला, आपण पॉझिटिव्ह गोष्टींवर फोकस करू.

२०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आत्महत्या करून गेला. २०१९ मध्ये मुंबईत शिकणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी तशीच गेली. त्या रात्री बहिणीच्या घरून निघताना ही दोन नावं माझ्या डोक्यात होती आणि मी ती तोंडावर आणू शकत नव्हतो. भाच्याच्या खोलीचा दिवा चालू होता. मी परत वर गेलो आणि त्याच्याजवळ बसलो. काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं म्हणून मी त्याला बाबासाहेबांचंच सांगितलं, पण वेगळं.

बडोद्याचं. १९१७ साल, कोलंबियात शिकून आलेला माणूस, बडोदा संस्थानात नोकरीला, आणि राहायला जागा नाही. नाव लपवून एका पारशी खानावळीत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कामाला निघताना दहा-बारा माणसं लाठ्या घेऊन दारात, तू कोण आहेस सांग. संध्याकाळपर्यंत खोली सोड. ओळखीच्या दोघांकडं विचारून बघितलं, दोघांनी टाळलं. मग हा एवढा शिकलेला माणूस कमाठी बागेत जाऊन बसला, रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींमध्ये. आणि पुढं ते लिहितात की अठरा वर्षं झाली तरी तो प्रसंग पुसला गेलेला नाही, आजही डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. अठरा वर्षांनी! म्हणजे महाडचं तळं झालं होतं, काळाराम झालं होतं, गोलमेज परिषद झाली होती, तरी. आपल्या बापाचे आपण एवढे पुतळे उभारले, सूट घातलेले, बोट वर केलेले, हातात संविधान असलेले. बागेत बसलेला एकही नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मामा हे शाळेत का नाही सांगत? आणि मग रडला. मी त्याला थांबवलं नाही.

आपण एकटेच यातून जातोय असं पण नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइसांना पत्र लिहिलं होतं, तुमचं आणि आमचं दुखणं किती सारखं आहे ते सांगत, आणि १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली ती तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच. ही नाती आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच काळात, १९६८ ला, तिकडच्या काळ्या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची वेगळी संघटना काढली होती, कारण त्यांचं म्हणणं होतं की गोऱ्यांच्या मानसशास्त्रात आमच्या माणसाचं दुखणं दिसतच नाही, दिसलं तरी त्याचाच दोष म्हणून दिसतं. ते मात्र आपल्याकडं फारसं पोचलं नाही. मूठ आली, वही नाही आली. आज तिकडं लोक चर्चमध्ये, कम्युनिटी हॉलमध्ये गोल करून बसतात आणि गुलामगिरीपासून घरात चालत आलेल्या गोष्टींवर बोलतात, आई मारायची का, आज्जी गोऱ्यांसमोर हसायची का. आपल्याला गोल करून बसायला जागा शोधायची पण गरज नाही. विहार आहेत ना.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन असतं, आषाढी पौर्णिमेपासून. संध्याकाळी बायका कामं आटपून पांढऱ्या साड्या नेसून येतात, एकजण बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचते, बाकीच्या ऐकतात. मागच्या वर्षावासात वाचन सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या प्रकरणापर्यंत आलं होतं, आणि वाचन संपल्यावर एक बाई उठल्याच नाहीत. पन्नाशीच्या असतील, धुण्याभांड्याची कामं करतात. म्हणाल्या, मी ज्या घरी काम करते तिथं मला पाणी प्यायला वेगळा स्टीलचा ग्लास आहे, आणि मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला पण नाही, कारण नवरा तिथून काम सोडायला लावेल आणि पोरीची फी त्याच घरातून निघते. एवढं बोलून त्या थांबल्या. कुणी भाषण केलं नाही. शेजारची बाई नुसती सरकून त्यांच्याजवळ बसली. मग दुसरीनं सांगितलं तिचं. मग तिसरीनं. रात्रीचे दहा वाजले, घरून फोन यायला लागले, तरी कुणी उठेना. माझी बायको त्यात होती, ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तेव्हापासून वाचनानंतर अर्धा तास बोलायचा म्हणून ठेवलाय. नियम बायकांनीच ठरवले, साधे आहेत. कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणी बाबासाहेबांचं उदाहरण देऊन गप्प करायचं नाही, आणि इथलं बाहेर सांगायचं असेल तर विचारून सांगायचं. वरचं मी त्या बाईंना विचारून लिहितोय.

मग पुरुषांसाठी पण सुरू करायचं ठरलं, दर महिन्याच्या पौर्णिमेला. ते इतकं सोपं नाही गेलं. पहिल्या वेळी सगळे राजकारणावर बोलले. कपाचं मी तिथंच पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं आणि एक रिटायर्ड पोलीस हवालदार, एकदम धिप्पाड माणूस, म्हणाला, मी पण धुतो. आणि मग आणखी एकजण. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. मला इतकी वर्षं वाटत होतं ही आमच्याच घरातली खोड आहे.

भाच्याला 'वाघाची अवलाद' म्हणणारे काका आमच्याच भागात राहतात, ते यायला लागले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विरोध केला. म्हणाले, मोर्चाला बोलावलं तर माणसं येत नाहीत, स्कॉलरशिपचे पैसे पोरांना वर्ष वर्ष मिळत नाहीत, त्यासाठी कलेक्टर ऑफिसवर बसायला कुणी नाही, आणि तुम्ही इथं रडगाणी गात बसलात. ज्यानं मारलं त्यानं मारायचं थांबवायचं का आपण आपली पाठ चोळत बसायची? मला त्यांचं म्हणणं पटतं. खरंच पटतं. पोराचा छळ करणारं हॉस्टेल तसंच राहिलं आणि आपण फक्त पोराला दुरुस्त करून परत तिथंच पाठवत राहिलो तर तो उपचार नाही. पण मोर्चाला माणसं का येत नाहीत याचं एक कारण मला या खोलीत दिसलंय, माणसं थकलीत. वरवर ताठ आणि आतून थकलेली. त्या थकव्याला कुणीतरी जागा दिल्याशिवाय ती उठणार कशी? काका म्हणतात हे पुस्तकी आहे. पण येतात दर पौर्णिमेला, आणि दर पौर्णिमेला आमचा हाच वाद होतो.

गेल्या वेळी त्या वादातूनच ठरलं की कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक बैठक फक्त यंदा पहिल्यांदा हॉस्टेलवर चाललेल्या पोरापोरींसाठी घ्यायची. भाचा त्यांच्याशी बोलणार आहे, तो आता तिसऱ्या वर्षाला आहे, मागे राहिलेले विषय सुटले. तो त्यांना काय काय बोललं जाईल ते आधीच सांगणार आहे, म्हणजे पहिल्यांदा कानावर पडेल तेव्हा आपल्यातच काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटणार नाही. काकांनी तक्रार कुठं करायची, अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची हे शिकवायचं अंगावर घेतलंय, आणि अर्जाचा नमुना ते स्वतःच्या हातानं लिहून आणणार आहेत कारण टाइप केलेल्यावर त्यांचा विश्वास नाही. अण्णांना पण मी बोलावलंय. ते म्हणाले, झेरॉक्स किती काढून आणू?

बैठक जूनच्या पौर्णिमेला आहे, संध्याकाळी सात वाजता. पोरांसोबत आईबापांनी पण या.